शब्दशंका : विणलेलं सगळं 'निटेड' नसतं

प्रश्न : अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघते. माहितीपत्रकात टॉवेलांना मी 'निटेड' म्हटलं, तर परदेशी गिऱ्हाइकानं ते खोडून 'वोव्हन' केलं. शब्दकोशात 'निट' आणि 'वीव्ह' दोन्हींपुढे 'विणणे'च आहे. मग चुकलं कुठे?

उत्तर : चूक तुमची कमी, 'विणणे'ची जास्त. मागावर होतं तेही विणणं आणि सुयांवर स्वेटर होतो तेही विणणंच. इंग्रजीत ही दोन वेगळी कामं आहेत. ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून गेले की 'वीव्ह'. धाग्याचे फास एकात एक अडकवत नेले की 'निट'. चादर, साडी, धोतर वोव्हन. बनियन, टी-शर्ट, मोजे निटेड.

टेरी टॉवेलवर, म्हणजे अंगभर धाग्याचे फास असलेल्या नेहमीच्या टॉवेलवर, फास दिसतात आणि तिथेच डोळा फसतो. टेरीच्या मागावर ताण्याचे दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ असतात, एक घट्ट, एक सैल. तीन बाण्यांच्या नेहमीच्या विणीत पहिले दोन आडवे धागे कापडापासून जरा अलीकडे थांबवतात. तिसरा आला की फणी तिन्ही एकदम पुढे ठोकते, सैल ताणा वर उचलला जातो आणि फास उभा राहतो. हे फास एकमेकांत गुंतलेले नसतात, म्हणून टेरी वोव्हनच.

नमुना हाती असेल तर कापलेल्या कडेचा धागा ओढून बघा. सुटा, लांब निघाला तर वोव्हन. फासांची ओळ उसवत आली तर निटेड. टॉवेलवर मात्र आडवाच धागा ओढा. फासाचा ओढलात तर तो नागमोडी निघतो आणि पुन्हा घोटाळा!

तयार कपडे निर्यात करणाऱ्यांना तर हा शब्द आणखी जपावा लागतो, कारण सीमाशुल्काच्या वर्गवारीत निटेड कपड्यांचं प्रकरण ६१ आणि बाकीच्यांचं ६२.

प्रश्न : पांघरायच्या सोलापुरी चादरीला 'बेडशीट' म्हणावं का?

उत्तर : नको. 'शीट' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पातळ कापड येतं. जाड जेकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) चादरीला 'कॉटन ब्लँकेट' लिहा आणि शेजारी वजन व मापं द्या.

प्रश्न : 'माल १५ तारखेपर्यंत पाठवू' यात 'बाय' की 'अन्टिल'?

उत्तर : 'बाय'. इथे आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, म्हणून गोंधळ होतो. काम एकदा होऊन संपणार असेल आणि तारीख ही त्याची शेवटची मुदत असेल, तर 'बाय'. काम त्या तारखेपर्यंत चालूच राहणार असेल, तर 'अन्टिल': दुकान नऊपर्यंत उघडं आहे, सवलत महिनाअखेरपर्यंत आहे. 'अन्टिल' लिहिलंत तर तुम्ही १५ पर्यंत रोज माल पाठवत राहणार, असं वाचलं जाईल.

नकारात जास्त जपा. 'वुई विल नॉट डिस्पॅच अन्टिल द फिफ्टीन्थ' याचा अर्थ १५ च्या आधी माल हलणार नाही, त्यानंतर निघेल. १५ पर्यंत माल निघणं जमणार नाही, एवढंच कळवायचं असेल तर तिथेही 'बाय' हवं.