मार्टिन डी-18, गिब्सन जे-45 की टेलर 314: टोन आणि बांधणीत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न असा: भाऊ अमेरिकेहून येताना एक चांगली गिटार आणणार आहे, वापर मुख्यतः गाण्याच्या साथीला आणि थोडा फिंगरस्टाइलला, राहणं ठाण्यात. या तिघींपैकी कोणती घ्यावी?

साथ हाच मुख्य वापर असेल तर माझं मत डी-18ला. पण ठाण्याची हवा आणि दुरुस्तीची सोय लक्षात घेतली तर टेलरची बाजू वाटते तितकी कमकुवत नाही. का, ते सांगतो.

आवाज ठरवताना लोक आधी मागच्या आणि बाजूच्या लाकडाची चौकशी करतात. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच आराखड्याच्या सहा गिटार घेतल्या. फरक फक्त मागच्या आणि बाजूंच्या लाकडाचा होता. गिटार दिसणार नाही अशी व्यवस्था करून 52 वादकांना त्या वाजवायला दिल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत महागडं रोझवूड स्वस्त लाकडांच्या पुढे गेलं नाही. महॉगनी आणि रोझवूड यांत फरकच नसतो असं मी म्हणणार नाही, पण टॉपची (पुढच्या पातळ फळीची) जाडी, त्याखालचं ब्रेसिंग (आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या भागाची) लांबी यांचा वाटा मोठा आहे.

मार्टिनचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला. आताच्या डी-18 मध्ये 1930च्या दशकातल्या मार्टिनसारखं स्कॅलप्ड एक्स-ब्रेसिंग असतं, म्हणजे आतल्या पट्ट्या ठरावीक ठिकाणी कोरून हलक्या केलेल्या असतात. त्यामुळे टॉप जास्त मोकळेपणाने हलतो, खर्ज भरतो आणि हलक्या हातानेही आवाज निघतो. मागे आणि बाजूला महॉगनी, म्हणून मूळ स्वर स्पष्ट राहतो. मार्टिनच्याच डी-28ला तिथे इंडियन रोझवूड असतं (1969 पर्यंत ब्राझिलियन असायचं). तिचा खर्ज अधिक खोल आणि वरच्या हार्मोनिक्सची झालर मोठी. एकट्याने वाजवताना ते सुंदर वाटतं, पण गाण्याला साथ करताना ती झालर कधी कधी शब्दांवर येते. म्हणून साथीला डी-18.

जे-45 हे 1942 पासूनचं मॉडेल, आता माँटानातल्या बोझमनला बनतं. उतरते खांदे, महॉगनी, आणि 24.75 इंचांचं स्केल. मार्टिन डी-18चं स्केल 25.4 इंच, टेलर 314चं 25.5. आकडे जवळचे वाटतात, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जे-45 वर तो मार्टिनपेक्षा साधारण 5 टक्क्यांनी कमी. बोटांना तारा मऊ लागतात, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सहज जातो. आवाज कोरडा, ठोक्याचा खर्ज पटकन येऊन पटकन विरतो. गायकांना ती आवडते ती याचसाठी: दोन ठोक्यांच्या मधली जागा मोकळी राहते. मात्र संथ फिंगरस्टाइलमध्ये सूर लांबवायचा असेल तर ती कमी पडते. जोरात स्ट्रम करणाऱ्याच्या हातात जाड तारेला कमी ताणामुळे बझही (फ्रेटवर खडखड) लवकर येतो.

टेलरने 2018 मध्ये व्ही-क्लास ब्रेसिंग आणलं. एक्स-ब्रेसिंगमध्ये टॉप कडक केला तर सूर टिकतो पण आवाज घटतो, आणि सैल केला तर उलट होतं. व्ही आकाराच्या पट्ट्या तारांच्या दिशेने टॉपला ताठ ठेवतात आणि दोन्ही बाजूंना हलू देतात. परिणाम असा की सूर लांबतो आणि वरच्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सुरेलपणा चांगला राहतो. 314 मध्ये टॉप सिटका स्प्रूसचा, मागे सापेले (महॉगनीसारखं लाकूड). स्वर स्वच्छ, उजळ, सगळ्या तारा समतोल. मार्टिनचा तो खालचा दणका इथे मिळत नाही. एक लक्षात ठेवा: टेलरच्याच 100 आणि 200 मालिका आणि छोटी जीएस मिनी मेक्सिकोत तेकातेला बनतात आणि त्यांतल्या बहुतेकांत मागची-बाजूची लाकडं लॅमिनेट (पातळ थर चिकटवलेली) असतात. नाव तेच असलं तरी तुलना या वर्गाशी करू नका.

आता बांधणी, आणि इथे जरा थांबा. स्टीलच्या 12–53 तारांचा एकूण ताण सुमारे 73 किलो. हा भार वर्षानुवर्षं टॉपला फुगवतो आणि नेकला (दांडीला) पुढे ओढतो. चांगल्यातल्या चांगल्या गिटारीचा नेकचा कोन कधीतरी बदलतो, आणि तेव्हा नेक रीसेट करावा लागतो. डी-18 आणि जे-45 मध्ये डव्हटेल (खाचेत अडकणारा) सांधा सरसाने बसवलेला असतो. वाफेने सरस सैल करायचा, नेक काढायचा, हील (नेकचा बुडखा) घासून कोन जुळवायचा, पुन्हा बसवायचा. हे निष्णात कारागिराचंच काम, आणि आपल्याकडे असे हात मोजके. टेलरचा 1999 पासूनचा एनटी नेक बोल्टनी बसतो. कोन बदलायला मधल्या पातळ लाकडी शिम्स बदलतात. योग्य मापाच्या शिम्स कारागिराजवळ असल्या तर काम झटपट होतं.

म्हणून भावाला सांगा, दुकानात टोन ऐकण्याआधी कोन तपासायचा. नेक सरळ असताना लांब स्टीलची पट्टी फ्रेट्सवर मधोमध ठेवायची आणि ब्रिजपर्यंत (टॉपवरच्या, तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्यापर्यंत) न्यायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकायला हवं. ती ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर खाली आपटली तर कोन पडलेला आहे, गिटार सोडून द्यायची. ब्रिजजवळ तारा टॉपपासून साधारण 12 ते 13 मिमी उंच असाव्यात आणि सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती बारीक पट्टी) ब्रिजच्या वर किमान 3 मिमी दिसावं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची ॲक्शन (फ्रेटपासूनची उंची) 2.4 मिमी आणि बारीक तारेची 1.7 मिमीच्या आसपास ठीक. ॲक्शन अर्धा मिमी उतरवायची तर सॅडल 1 मिमी घासावं लागतं. आधीच बुटकं सॅडल असलेल्या गिटारीत ही सोय उरलेली नसते. सुरुवातीला कमी ॲक्शन पाहून खूश होण्यात हाच धोका आहे.

मग हवा. तिन्ही पूर्ण सॉलिड लाकडाच्या आहेत आणि त्यांना 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. ठाण्याच्या पावसाळ्यात ती सहज 80च्या वर जाते. टॉप ओलावा ओढून फुगतो, ॲक्शन वर चढते, आवाज दबतो. अशा वेळी सॅडल घासलं तर हिवाळ्यात तारा फ्रेटवर खडखडतात. दुसरीकडे दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत हवा कोरडी पडली तर फ्रेटची टोकं कडेने बोटाला टोचू लागतात, ती चिरेच्या आधीची सूचना समजा. हार्ड केस, आत 49 टक्क्यांची दुतर्फा आर्द्रता राखणारी पाकिटं आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) एवढं पुरतं. भिंतीवर टांगून ठेवायची असेल तर यांपैकी एकही घेऊ नका, लॅमिनेट मागची यामाहा एफजी800 घ्या.

मार्टिन आणि गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. स्वस्त स्टँडचं रबर त्याला चिकटून डाग पाडतं, आणि डासांचं मलम लावलेला हात लागला तर लॅकर मऊ पडून ठसा उठतो. टेलरचं पॉलिस्टर फिनिश याबाबत बरंच सोशीक आहे.

प्रवासात तारा एक-दोन स्वर सैल कराव्यात. हेडस्टॉकखाली आणि केसमधल्या मोकळ्या जागेत मऊ कापड भरावं. जे-45च्या फिंगरबोर्डातल्या आणि डी-28च्या मागच्या रोझवूडची काळजी नको: 2019च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्याच्या साइट्स परवान्यातून (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातून) सूट आहे. जुन्या ब्राझिलियन रोझवूडला मात्र नाही. घरी आल्यावर केस बंदच ठेवून काही तास थांबा, विमानातल्या थंडीतून एकदम गरम हवेत आलेलं लॅकर तडकू शकतं. पहिले दोन आठवडे ट्रस रॉडला (नेकमधल्या, वाक जुळवणाऱ्या धातूच्या कांबीला) हात लावू नका. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी चिमटी) लावून चौदाव्या फ्रेटवर तार दाबा. सातव्याजवळ 0.15 ते 0.25 मिमी फट असेल तर काही करायचं नाही. जास्त असेल तर रॉड आवळा, तार टेकत असेल तर सैल करा, पण एका वेळी अष्टमांश वळसाच. मार्टिनची चावी साउंडहोलमधून लागते आणि लांब दांड्याची 5 मिमी ॲलन लागते, तीही भावाला सोबतच आणायला सांगा.