पिकअप घाटात गरम होते. रेडिएटर घरी फ्लश करता येईल का? कूलंटऐवजी साधं पाणी चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका.

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडचं पाणी खारं, पातेल्याला बघता बघता पांढरा थर धरतो. तेच पाणी मी कित्येक वर्षं गाडीत ओतत होतो. एका मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून येताना आंबा घाटात काटा लाल पट्टीवर गेला आणि हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) उडालं. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवल्या, ही टोचन करून आणली. रेडिएटर उघडला तेव्हा निम्म्या नळ्या क्षारानं बुजलेल्या. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरला चढते, इंजिन जोर लावतं आणि वेग नसल्यानं जाळीला वाराही कमी लागतो. तिथं ते उघडं पडतं.

फ्लश घरी नक्की करता येतो, पण इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. सुमारे १ बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण निघालं की तेच उसळून तोंडावर येतं.

खालचा होज किंवा ड्रेन प्लग काढून जुनं कूलंट टबात धरा. ते गटारात किंवा अंगणात सोडू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही तितकंच घातक. मग डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा आणि वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवा. तो तापला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला आणि पाणी ब्लॉकमधून फिरायला लागलं. गाडी थंड होऊ द्या, पाणी सोडा, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मला चार वेळा करावं लागलं.

आता बरेच जण चुकतात ती गोष्ट. कितीही निथळलं तरी ब्लॉकमध्ये पाणी उरतंच. वरून निम्मं-निम्मं मिसळलेलं तयार कूलंट ओतलं की ते पातळ होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी घाला आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरा. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवा-लाल हा काही ठरलेला नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या. शेवटी झाकण उघडं ठेवून थोडा वेळ इंजिन चालवा, आत अडकलेली हवा निघून जाते.

मला एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला दिला होता. तसं करू नका. इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त जातं, झीजही वाढते, आणि बुजलेली नळी तशीच राहते. थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन घेणं परवडतं. वॉटर बॉडीखाली (म्हणजे पाण्याच्या पंपाखाली) ठिबकल्याच्या खुणा आणि फॅन बेल्टचा ताणही याच वेळी बघून घ्या. जाळीत बाहेरून किडे, पाचटाची धूळ अडकलेली असते. ती इंजिनाच्या बाजूनं पुढं, हलक्या धारेनं धुवा. प्रेशरच्या पाण्यानं पत्री दुमडते.

एवढं करूनही काटा चढत असेल, थंड असताना झाकण काढून स्टार्ट केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गाडी तिथंच उभी करा. आधी गॅस्केट तपासून घ्या, मगच माल भरा.