सुटा होणारा दस्ता: बोल्ट मोठा करून खडखड जात नाही

तुमचं वर्णन वाचलं आणि ओळखीचं दुखणं वाटलं. १५० पौंडांचा रिकर्व क्रॉसबो, १८ मिमी प्लायचे थर चिकटवून केलेला स्टॉक, बॅगेत बसावा म्हणून मुठीच्या मागे कापलेला, दोन्ही बाजूंना पट्ट्या, ४० मिमी अंतरावर आडवे दोन ८ मिमी बोल्ट. खडखड झाली म्हणून भोकं १० ची केली, दोन दिवस बरं चाललं, आता पुन्हा हाल (सांध्यातला ढिलेपणा) आहे आणि मागच्या भोकापासून चीर निघाली आहे. तुम्ही विचारताय की १२ चा बोल्ट टाकू का. नका टाकू.

ट्रिगर, लॅच (ताणलेली दोरी धरून ठेवणारा आकडा), रेल (बाण जिच्यावरून सरकतो ती पट्टी) हे सगळं कसं बसवायचं ते तुम्हाला येतंय, त्यामुळे तिकडे जात नाही. फक्त एक पक्कं धरतो की काप ट्रिगर-बॉक्सच्या मागेच आहे, आणि साइट, रेल, लॅच, ट्रिगर चारही पुढच्या तुकड्यावर आहेत. तसं नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी ते बदला. दोरी ताणलेली असताना सगळा जोर पाती (धनुष्याचे वाकणारे दोन हात) आणि लॅच यांच्यामध्येच फिरतो. त्या दोहोंच्या मध्ये सांधा घालणं म्हणजे १५० पौंड, म्हणजे साधारण ६६७ न्यूटन, सतत सांध्यावर टांगून ठेवणं. लॅचच्या मागे मात्र जवळपास काहीच नसतं. म्हणून मागचा दस्ता सुटा करणं सोपं, आणि रेल मधून तोडणं हे वेगळंच प्रकरण.

'जवळपास काहीच नसतं' याला एक अपवाद आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. तुम्ही दोरी कशी चढवता ते लिहिलेलं नाही. रिकिबीत पाय घालून हातांनी ओढत असाल तर मागच्या भागाला धक्का नाही. पुलीवाल्या दोरीने ओढत असाल तर ती दोरी स्टॉकच्या खाचेवर निम्मा जोर टाकते, तुमच्या बाबतीत ३३० न्यूटनच्या आसपास, आणि तोही पुढच्या दिशेने. ही खाच सुट्या दस्त्यावर असेल तर ती मुठीच्या वर, पुढच्या तुकड्यावर घ्या, प्रश्न मिटला. पण बटाला (दस्त्याच्या मागच्या टोकाला) बसणारी क्रँक, म्हणजे हँडल फिरवून दोरी ओढणारं यंत्र, असेल तर पूर्ण ६६७ न्यूटन सांध्यातून जातात, आणि क्रँकचा पट्टा सांध्याच्या मध्यरेषेपेक्षा समजा ४० मिमी वर असेल तर वर आणखी २६-२७ न्यूटन-मीटरचा वाक येतो. त्यात सांध्याची वरची कड दाबली जाते आणि खालची उघडायला बघते. तुमची चीर जर मागच्या भोकातून खालच्या बाजूला गेली असेल तर मला क्रँकचा संशय आहे.

आता बोल्ट. भोकात बोल्ट प्रत्येकी फक्त ०.१ मिमी वर-खाली हलतो असं धरा. एक वर, एक खाली, मधलं अंतर ४० मिमी. बट तिथून २५० मिमी मागे असेल तर ते सव्वा मिमी वर आणि तेवढंच खाली जातं, म्हणजे एकूण अडीच मिमी. साइट आणि रेल एकाच तुकड्यावर असल्याने नेम थेट बिघडत नाही, पण गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आणि ट्रिगर दाबताना पुढचा भाग हातात सरकतो. बोल्ट कितीही जाड केला तरी भोकात तो सरकवता येण्याइतकी सैल जागा लागतेच, म्हणून हा हिशोब बदलत नाही. उलट भोक मोठं केलं की ते कापाच्या कडेच्या आणखी जवळ येतं. लाकडात भोकापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या पाच ते सात पट लाकूड हवं. ८ ला ४० ते ५६ मिमी, १२ ला ६० ते ८४. तुमच्या फोटोत मला २५ च्या वर दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे (इतरांचं वेगळं असू शकतं, आडव्या पिनेवर चालणारेही आहेत): जागेवर बसवायचं काम पृष्ठभागांनी करायचं, आवळायचं काम एका स्क्रूने. पिनेला किंवा बोल्टला दोन्ही कामं दिली की हाल आलाच.

मी सुचवीन तो सांधा असा. २५ मिमी चौकोनी ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा बार, लांबी १५० मिमी. ९० मिमी दस्त्यात इपॉक्सीने कायमचा, ६० मिमी बाहेर. ही झाली जीभ. बार ४५ अंशात फिरवून, म्हणजे एक कोपरा वर आणि एक खाली. पुढच्या तुकड्यात ५०×५०×७० मिमीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात छपरासारखी, खालच्या बाजूने उघडी ९० अंशांची व्ही-खाच. व्हीच्या टोकाला ३ मिमीची चर काढा, नाहीतर बारचा कोपरा आधी टेकतो आणि बाजू अधांतरी राहतात. व्हीच्या बाजूंनाही मधला भाग अर्धा मिमी खोल घ्या, म्हणजे जीभ तिच्या दोन्ही टोकांच्या पंधरा-पंधरा मिमीवरच टेकेल. हेच टेकू, व्हीच्या प्रत्येक बाजूला दोन. ठोकळ्याखाली ८ मिमीची स्टीलची पट्टी, चार एम५ बोल्टांनी. पट्टीत, दोन टेकूंच्या बरोबर मध्ये, एम८ चे आटे (६.८ चं ड्रिल). त्यातून ९० अंश टोकदार ग्रब-स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) वर येतो. बारच्या खालच्या कोपऱ्यावर १२ मिमी रुंद सपाटी करा, ती ६ मिमी खोल जाते, आणि त्यात शंकूच्या आकाराचा खड्डा.

स्क्रू आवळला की बार वर व्हीमध्ये दाबला जातो. वर-खाली, डावी-उजवी आणि पीळ, तिन्ही एकदम बंद. राहिली पुढे-मागेची दिशा. त्यासाठी दस्त्याचा खांदा, म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेली सपाट बाजू, ठोकळ्याच्या तोंडावर घट्ट ओढला गेला पाहिजे. म्हणून तो खड्डा स्क्रूच्या मध्याच्या सरळ वर नसतो. खांदा टेकलेला असताना खड्ड्याचा मध्य स्क्रूच्या मध्यापेक्षा ०.५ मिमी मागे, बटाकडे असतो. मग स्क्रूचं टोक खड्ड्याच्या पुढच्या भिंतीवर चढतं आणि जीभ आत खेचतं.

सगळा सांधा या अर्ध्या मिमीवर उभा आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान मला इथेच झालं. ड्रॉइंगवर ०.५ स्वच्छ लिहिलेलं होतं, बाण काढून दिशा दाखवलेली होती. ज्या वर्कशॉपला काम दिलं होतं तिथल्या माणसाने ती 'चूक' समजून परस्पर दोन्ही केंद्रं जुळवून दिली. फोन नाही, मेसेज नाही. विचारल्यावर उत्तर असं की तुमच्या ड्रॉइंगमध्ये गडबड होती, आम्ही सुधारून दिली, तेही जादा पैसे न घेता! वर तक्रार केल्यावर खड्डा ड्रिलने आणखी खोल करून दिला. त्याने स्क्रूचं टोक भिंतीला लागायचंच बंद झालं. बार आणि ठोकळा दोन्ही भंगारात. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण अशी 'सुधारणा' कुणीही करू शकतं.

वाईट म्हणजे ही चूक हाताला कळत नाही. स्क्रू गच्च बसतो, दस्ता हलत नाही, सगळं ठीक वाटतं. पण खांद्यावर जोर नसतो, त्यामुळे क्रँकचा किंवा पुलीच्या दोरीचा पहिला जोर येतो तेव्हा जीभ केसभर आत सरकते आणि स्क्रूचं टोक झिजायला लागतं. थोड्या दिवसांनी खडखड हजर. म्हणून काम ताब्यात घेण्याआधी तिथेच तपासा. स्क्रू हाताने लावा, खांद्याच्या फटीत ०.०५ मिमीची फीलर पट्टी घाला, ती सरकू द्या, मग स्क्रू पूर्ण आवळा. पट्टी अडकली पाहिजे. स्क्रू आवळूनही पट्टी मोकळी फिरत असेल तर माल परत द्या. आवळल्यावर फट वाढत असेल तर त्यांनी खड्डा उलट्या बाजूला सरकवलाय.

केंद्रं जुळवलेला तुकडा अजून वाचू शकतो, पण तो खोल केलेला नसेल तरच. खांद्यावर ०.५ मिमीची स्टेनलेस शिम (पातळ पत्रा) कायमची चिकटवा. जीभ तेवढी मागे येते आणि खड्डा आपोआप योग्य जागी जातो. उलटा सरकलेला असेल तर १ मिमीची शिम लागेल. खांदा घासू नका. घासलं की जीभ आणखी पुढे जाते आणि आजार वाढतो.

त्यापेक्षा खड्डा वर्कशॉपला देऊच नका. एम८ च्या एका जुन्या बोल्टचं टोक ग्राइंडरवर अणकुचीदार करा, सांधा जोडून खांदा पूर्ण टेकवा, बोल्ट वर फिरवून बारवर खूण उमटवा. मग बार काढून त्या खुणेच्या अर्धा मिमी बटाकडे पंच मारा आणि ९० अंशांच्या काउंटरसिंकने खड्डा करा, वरचा व्यास ८ ते ९ मिमी. काही जण शहाणपणा करून खूण करतानाच खांद्यात अर्ध्या मिमीची शिम घालतात आणि नंतर काढतात. त्याने खड्डा नेमका उलट बाजूला जातो, कागदावर काढून बघा.

बार मोडण्याची काळजी करू नका. क्रँकचा २७ न्यूटन-मीटरचा वाक धरला तरी या बारमध्ये ताण १५ मेगापास्कलच्या आसपास येतो आणि ६०६१-टी६ ची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला सुरुवात होते तो ताण, २७६ आहे. मोडतं ते लाकूड. म्हणून बारचा चिकटवायचा भाग ८० नंबरच्या पेपरने खरवडा, ॲसिटोनने पुसा आणि लगेच इपॉक्सी लावा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच परत बसायला लागतो, वेळ घालवला तर चिकट कमजोर होते. वर दोन आडवे एम६ बोल्ट द्या, पण प्लायमध्ये थेट नको. १० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पितळी नळ्या इपॉक्सीने बसवा आणि बोल्ट त्यांतून घाला. ठोकळाही पुढच्या तुकड्यात इपॉक्सीवरच बसवा. ज्या पृष्ठभागांना चिकटायचं नाही त्यांना पेस्ट वॅक्सचे दोन-तीन हात आधी द्या, आट्यांमध्ये प्लास्टिसिन भरा. एकदा सांडलेलं इपॉक्सी एम८ च्या आट्यात गेलं की टॅप पुन्हा फिरवावा लागतो.

हार्ड ॲनोडायझिंग करायचं असेल तर थर निम्मा बाहेर वाढतो हे लक्षात ठेवा. ५० मायक्रॉनच्या थराला प्रत्येक बाजूने २५ मायक्रॉन. व्हीमध्ये त्याने फरक पडत नाही, पण H7 मापाला रीम केलेल्या (रीमरने नेमक्या मापात आणलेल्या) ८ मिमी भोकात (मापातली सूट फक्त ०.०१५ मिमी) पिन जाणार नाही. आडव्या पिनेवरच अडून बसणाऱ्यांसाठी सांगतो: दोन्ही तुकडे जोडून एकत्र ड्रिल आणि एकत्र रीमर, शिवाय पिन h6 (लहान h) टॉलरन्सची घ्या. बाजारात सहज मिळणारी डॉवेल पिन m6 टॉलरन्सची असते (लहान m, एम६ बोल्टशी संबंध नाही), ती ठोकून बसते आणि ठोकूनच निघते.

स्क्रूला मूठवाला नॉब लावावा असं तुम्हाला वाटेल. मी लावत नाही. ४ मिमीची ॲलन की लागली पाहिजे, चाळा म्हणून कुणी फिरवू नये. आवळायला ५ न्यूटन-मीटर पुरतात, त्यात ३००० न्यूटनच्या आसपास दाब मिळतो. एम५ च्या चार बोल्टांना मध्यम थ्रेडलॉक द्या, एम८ ला अजिबात नको. आणि दोरी चढलेली असताना दस्ता काढायचा किंवा लावायचा नाही. दोन्ही हात गुंतलेले असतात, ट्रिगर वाटेत असतो. बाण नसताना दोरी सुटली तर पाती जातील, हात जवळ असला तर बोटं.

लावून झाल्यावर दोरी न चढवता पुढचा तुकडा मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरा, बटावर डायल गेज टेकवा, ५ किलो टांगा आणि काढा. वजनाखाली लाकूड थोडं वाकणारच, ते चालतं. वजन काढल्यावर काटा शून्यावर परत यायला हवा. येत नसेल तर बारच्या वरच्या दोन बाजूंना मार्करची शाई लावून जोडा, सोडवा आणि कुठे पुसली ते बघा. चारही टेकूंवर पुसली पाहिजे. तीनच ठिकाणी पुसली असेल तर चौथा टेकू बारपर्यंत पोचत नाही. तिथे कानस लावू नका, उरलेले तीन बारीक पेपरने थोडे थोडे उतरवा.

थोडं इकडचं तिकडचं. क्रॉसबो अडकवायच्या पट्ट्याची कडी सांध्याच्या मागे लावलीत तर अख्खं वजन सांध्यावर लोंबकळतं, एक कडी पुढे घ्या. एआर (एआर-१५ रायफल) पद्धतीचा सरकता बट लावणार असाल तर नळीचे दोन व्यास मिळतात, मिल-स्पेक २९.२ आणि कमर्शियल २९.७ मिमीच्या आसपास. अर्ध्या मिमीच्या या फरकाची खडखड लोक सांध्याच्या नावावर टाकतात. ट्रिगरपासून बटापर्यंतची लांबी कापायच्या आधी मोजून ठेवा, खांदा आणि शिम मिळून ती बदलते.

हे सगळं लाकडी किंवा भरीव स्टॉकसाठी आहे. कारखान्याचा पोकळ प्लास्टिक स्टॉक असेल तर त्यात ठोकळा धरायला मांसच नसतं, तो कापू नका. मी वकील नाही, पण लांबी कमी झाली की काही देशांत कायद्याचा वर्ग बदलतो. उदाहरणार्थ, कॅनडात ५०० मिमी किंवा त्याहून कमी लांबीचा, किंवा एका हाताने नेम धरून सोडता येणारा क्रॉसबो प्रतिबंधित आहे. दस्ता काढून पूर्ण लांबी मोजा आणि तुमच्याकडचा नियम स्वतः वाचा.

चिरलेला दस्ता या सांध्यासाठी वापरू नका. पुढच्या तुकड्याची भोकं मात्र डॉवेल आणि इपॉक्सीने बुजवून चालतील, ठोकळा बसवताना तो भाग तसाही कापला जाणार आहे. दोरी कशी चढवता ते आणि चिरेचा जवळून काढलेला फोटो टाका, मग ठोकळ्याची लांबी ७० ठेवायची की ९० ते सांगतो.