इंग्लंडमध्ये भाड्याचं घर: लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला मँचेस्टरला नोकरी लागली आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, आणि इंग्लंडमध्ये भाडेकरूंसाठी नवे कायदे आल्याचं वाचलंत. मग सरकारी घर मिळेल का, घरात ओल-बिल निघाली तर कुणी दाद घेतं का, आणि तिथे एकटेपणा येतो का? दोन ओळींत सांगता आलं असतं. पण प्रश्न वाचल्यापासून डोक्यात जुनंच काहीतरी फिरतंय, म्हणून लांबण लावते आहे. व्हिसा, फिया, अर्ज हे सगळं सरकारी संकेतस्थळावर नीट लिहिलेलं आहे, ते तिथेच वाचा.

सरकारी घर मिळत नाही. नोकरीसाठीच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत मागायची नाही, ही अट असते, त्यामुळे त्या रांगेत नावसुद्धा लागत नाही. रांगेत आधीच १३ लाखांवर कुटुंबं आहेत.

पण सरकारने बांधलेल्या इमारतीत मात्र तुम्ही राहू शकता. १९८० साली थॅचरबाईंच्या सरकारने काउन्सिलची (म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेची) घरं राहत्या भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. आजवर २० लाखांच्या आसपास विकली गेली, आणि त्यातली कितीतरी हात बदलत बदलत खाजगी मालकांकडे जाऊन भाड्याने लागली. लंडनमधलं आमचं पहिलं घर तसलंच. चौथा मजला, दोन खोल्या. समोरच्या दारातल्या आजी काउन्सिलच्या भाडेकरू, आम्ही खाजगी. जिना एक, छप्पर एक, ओल एक. भाडं मात्र आमचं त्यांच्या दुपटीहून जास्त.

हे २०१६ सालचं. ऑक्टोबरात मुलीच्या पलंगामागे काळे ठिपके दिसले, नाताळपर्यंत अख्खा कोपरा काळा. एजंटला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या राहणीमुळे होतं. घरात कपडे वाळवता, सारखं काहीतरी उकडत असता. आणि मला ते पटलं! हे लिहिताना अजून लाज वाटते. मी इडल्या बंद केल्या. कुकर लावायच्या आधी खिडकी सताड उघडायची, बाहेर शून्य अंश. दर रविवारी ब्लीच घेऊन भिंत पुसायची, आणि कुणी जेवायला येणार असेल तर शनिवारीही. मुलगी रात्रभर खोकायची. डॉक्टरांनी श्वासाचा निळा पंप (इनहेलर) दिला. त्यांनी घराबद्दल विचारलं तेव्हा मी 'छान आहे' म्हणाले.

तुम्ही ज्या कायद्याबद्दल वाचलंत तो 'अवाब्ज लॉ'. रॉचडेलला, म्हणजे तुमच्या मँचेस्टरच्या शेजारीच, अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. आईवडील सुदानहून आलेले, घर हाउसिंग असोसिएशनचं, म्हणजे कमी भाड्याची सामाजिक घरं चालवणाऱ्या संस्थेचं. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. त्यांना सांगितलं गेलं, वरून रंग मारा. घरमालक संस्थेने त्यांच्या राहणीबद्दल अंदाज बांधले होते, आणि ते चुकले हे पुढे कबूलही केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरोनरचा (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा) निकाल आला त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. 'राहणी' हा शब्द ऐकून.

त्यातून २०२३ चा सोशल हाउसिंगचा कायदा झाला. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीच्या आगीपासून तो रखडलेला होता. जून २०१७ च्या त्या आगीत ७२ माणसं गेली, आणि तिथल्याही रहिवाशांनी आधी इशारे देऊन ठेवले होते. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या मालकांना मुदती लागल्या: जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत बंदोबस्त, ओल-बुरशीची गंभीर तक्रार असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी आणि त्यापुढच्या कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित. नाही जमलं तर भाडेकरूची दुसरीकडे सोय मालकाच्या खर्चाने.

हे सगळं समोरच्या आजींना. तुम्हाला नाही. खाजगी घरांनाही हे लावायची तरतूद कायद्यात करून ठेवली आहे, पण त्यावर विसंबून घर घेऊ नका.

तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. खाजगी मालक घरभाड्याच्या जुन्या कायद्यातल्या कलम २१ खाली कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर काढू शकायचा. १ मे २०२६ पासून ते कलम गेलं (महाराष्ट्र दिन, लक्षात राहील). महिन्याहून जास्त आगाऊ भाडंही मागता येत नाही. आम्ही सहा महिन्यांचं भरलं होतं. इथे क्रेडिट हिस्टरी (कर्ज-बिलं फेडल्याची नोंद) नाही म्हणून जामीनदार आणा म्हणत होते, बँक म्हणत होती आधी पत्त्याचा पुरावा आणा, आणि पत्ता मिळायला बँक खातं लागत होतं. जामीनदार अजूनही मागतात, तेवढी तयारी ठेवा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नवऱ्याने शेवटी लेखी तक्रार केली. मार्चमध्ये नोटीस आली. दोन्हींचा संबंध होता का, ते सिद्ध करता येत नाही. कारण द्यावं लागतच नव्हतं. मी त्याच्यावर चिडले, मालकावर नाही. 'कशाला लिहिलंस?'

नवं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलीची जुनी शाळा दोन बसगाड्या लांब, म्हणून नवीन शाळेचा अर्ज. त्यांना नवा भाडेकरार हवा, करार हातात नाही, मग यादीत नाव. पाच आठवडे ती घरी बसली. जुन्या शाळेत तिला नुकतीच एक मैत्रीण झाली होती, तिच्या वाढदिवसाचं बोलावणं होतं, आणि तो शनिवार आमचा सामान हलवायचा निघाला. नव्या वर्गात ती कितीतरी दिवस बोललीच नाही. आता पंधराची आहे, म्हणते मला काही आठवत नाही. मला तारखेसकट आठवतं.

एकटेपणाचंही विचारलंत. होतो. मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात, सवय होते.

खरं सांगू का, मी लालबागच्या चाळीतली. छताचे पोपडे ताटात पडायचे. बाबा दर महिन्याला कार्बन घालून दुरुस्तीचा अर्ज लिहायचे आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून आणायचे. आम्ही भावंडं हसायचो. त्यांच्याच मुलीने लंडनमध्ये दीड वर्ष एक ईमेल लिहिला नाही. व्हिसावर येईल अशी भीती होती. तक्रारीने व्हिसाला काही होत नसतं. काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थच्या, म्हणजे घरांची तपासणी करणाऱ्या खात्याच्या, माणसाला तेव्हाही बोलावता आलं असतं, समोरच्या आजींनी सांगितलंही होतं.

तर पहिल्या दिवशी फोटो काढा, फोनवर बोललात तरी नंतर ईमेल टाका. आणि घर बघायला जाल तेव्हा पलंग सरकवून मागची भिंत बघा. आम्ही गेलो तेव्हा तिथे ताज्या रंगाचा वास येत होता, आणि मी नवऱ्याला म्हणाले होते, बघ, आपल्यासाठी रंग काढलाय.