वॅगनआरच्या इग्निशन कॉइल घरी बदलता येतील का?

आपण लिहिले आहे की २०१५ ची, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली आपली वॅगनआर चढावर झटके देते, चेक इंजिनचा दिवा कधी नुसता लागतो तर कधी लुकलुकतो, आणि गॅरेजमध्ये तपासणी न करताच तिन्ही इग्निशन कॉइल (प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारे भाग) बदलायला सांगितल्या आहेत. हे काम घरी जमेल का, असा आपला प्रश्न आहे. जमेल. बोनेटखालच्या कामांमध्ये याहून सोपी कामे फारशी नाहीत; दहा नंबरचा एक बोल्ट आणि एक कनेक्टर सोडवला की कॉइल हातात येते. मात्र कॉइल बदलण्याआधी तीनपैकी नेमकी कोणती गेली आहे आणि ती का गेली, हे ठरवावे लागते, आणि खरा वेळ तिथेच द्यायला हवा. ते न ठरवता तिन्ही बदलल्या तर दोन चांगल्या कॉइलचे पैसे वाया जातात, आणि मूळ कारण तसेच राहिले तर नवी कॉइलही फार दिवस टिकत नाही.

आधी दिव्याविषयी. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी आणता येते. पण तो लुकलुकत असेल तर इंजिनात इतके मिसफायर (सिलिंडरमधले इंधन नीट न पेटणे) होत आहेत की न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळत आहे, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडून, वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी, कारण कन्व्हर्टर वितळला तर त्याच्या खर्चापुढे कॉइलचा खर्च किरकोळ ठरतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बंद पडला की एक तृतीयांश ताकद जाते, म्हणून आपल्या गाडीत हे चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा जास्त जाणवते.

स्टीअरिंगखाली १६ पिनांचे ओबीडी (गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचण्याचे) सॉकेट असते. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणि फोनवरचे कुठलेही बरे अ‍ॅप एवढ्यावर कोड वाचता येतो. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ हे अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरमधल्या मिसफायरचे कोड, पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये किंवा अनियमित होणारा मिसफायर, आणि पी०३५१ ते पी०३५३ हे थेट त्या त्या कॉइलच्या विद्युत मंडलाचे कोड आहेत. पहिला सिलिंडर म्हणजे बेल्ट आणि पुली असलेल्या बाजूचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढण्याच्या आधीच कोड वाचून लिहून ठेवावेत, कारण वायर काढल्यावर ते बहुधा पुसले जातात.

समजा पी०३०२ आला. यावरून दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतो एवढेच कळते, कॉइल गेली हे सिद्ध होत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, प्लग मात्र जागचे हलवू नयेत, कोड पुसावेत आणि गाडी पूर्ण तापेपर्यंत, शक्यतो ज्या चढावर झटके येतात त्याच चढावर, चालवून पाहावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच दोषी. कोड पी०३०२ वरच राहिला तर पुढच्या वेळी प्लगची अदलाबदल करावी. नुसते उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून ही चाचणी करू नये. आतल्या तारेच्या वेढ्यांचे इन्सुलेशन कमजोर झालेली कॉइल थंड असताना आणि भार नसताना अगदी व्यवस्थित चालते. मल्टिमीटरवरही फार विसंबू नये. दोन पिनांच्या कॉइलचा रोध मोजता येतो, पण तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये बहुधा इग्नायटरचे (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे) सर्किट आतच असल्यामुळे त्या मोजमापातून काही निष्पन्न होत नाही. आणि चालू इंजिनावर एकेक कॉइल वर उचलून ‘कुठली मिसिंग आहे’ हे पाहण्याची जुनी पद्धत या गाड्यांवर अजिबात वापरू नये. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ही कॉइल वीस ते चाळीस हजार व्होल्ट तयार करते. ती ठिणगी प्लगमध्ये पडली नाही तर आपल्या हातात किंवा इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये वाट शोधते.

सीएनजीमुळे आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. गाडी पेट्रोलवर गुळगुळीत आणि सीएनजीवर झटके देत असेल तर दोष सीएनजीच्या इंजेक्टरमध्ये, फिल्टरमध्ये किंवा गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्येही असू शकतो; वरची अदलाबदल सीएनजीवर चालवून केली की हा गोंधळ मिटतो. कॉइलपर्यंत पोहोचताना सीएनजीची नळी आड आली तर तिचा जोड घरी सोडवू नये. सीएनजीची टाकी पूर्ण भरलेली असताना रेग्युलेटरपर्यंतच्या नळीत सुमारे २०० बार दाब असतो.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीची वेळ उत्तम. किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. एअर फिल्टरचा डबा किंवा त्याची नळी आड येत असेल तर ती काढून उघडे राहिलेले तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, म्हणजे एखादा वॉशर आत पडणार नाही. कनेक्टरची प्लास्टिकची खिटी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने काचेसारखी ठिसूळ झालेली असते, त्यामुळे आधी कनेक्टर किंचित आत दाबावा, मग खिटी दाबावी आणि वायर न ओढता कनेक्टरच धरून काढावा. बोल्ट काढल्यावर कॉइल सरळ वर खेचू नये. आधी डावीकडे-उजवीकडे थोडी फिरवून रबरी बूट प्लगपासून मोकळा करावा. घाईने ओढली तर बूट फाटतो आणि आतल्या स्प्रिंगसह खाली, प्लग ज्यात बसतो त्या खड्ड्यात राहतो. मग लांब चोचीच्या पकडीने तो बाहेर काढत बसावे लागते.

कॉइल बाहेर आली की ती लगेच बाजूला न ठेवता उजेडात नीट पाहावी. बुटाच्या आतल्या बाजूला केसाएवढी बारीक काळी किंवा राखाडी रेघ दिसली, आणि तशीच रेघ प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत उतरलेली असली, तर ठिणगी टोकापर्यंत न जाता बाहेरूनच इंजिनाला मिळत होती असे समजावे. तो बूट आणि तो प्लग दोन्ही बाद. फक्त एक बदलला तर जुन्यावरची रेघ नव्याला खराब करते. चिनीमातीच्या खालच्या भागाभोवती मात्र तपकिरी धुरकट पट्टा दिसतो, तो निरुपद्रवी असतो आणि त्यावरून कुणी प्लग गळतो म्हटले तर मानू नये. बूट तेलाने ओला असेल तर टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) किंवा प्लगच्या खड्ड्याचे सील गळत आहे. ते आधी बदलावे, नाहीतर नवा रबर तेलाने फुगून सैल होईल. खड्ड्यात पाणी किंवा गंज दिसला तर कारण बहुतेक वेळा वॉशिंग सेंटरमधली जोरदार धार असते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर वरून ठिबकणारे पाणीही तपासावे.

प्लग काढण्यापूर्वी खड्ड्यातली धूळ हवेने उडवून टाकावी. सायकलच्या पंपानेही हे होते. ती तशीच राहिली तर सिलिंडरमध्ये जाते. माझ्या मते कॉइल एकच बदलावी, पण प्लग तिन्ही नवे टाकावेत. झिजलेल्या प्लगची फट वाढते, फट वाढली की कॉइलला प्रत्येक ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज द्यावे लागते, आणि कॉइल जळण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. प्लगचा नंबर व फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी. नवा प्लग पान्याने नव्हे, नुसत्या गोटीने (सॉकेटने) आणि एक्स्टेन्शनने, बोटांनी फिरवत बसवावा. पहिल्या दोन-तीन आट्यांत अडखळला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि एकदा आटे गेले की हे घरचे काम राहत नाही. टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते मोजणारा पाना) असेल तर पुस्तिकेतला आकडा वापरावा. नसेल तर १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या नव्या प्लगला बोटांनी घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. कॉइलचा बोल्ट केवळ कॉइल हलू नये यासाठी असतो, तो जोर लावून आवळू नये. बुटाच्या तोंडाशी आतून सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा, साधे ग्रीस रबर खाते.

कॉइल खरेदी करताना गाडीच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर मिळवून घ्यावा आणि अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावी. बाजारात हुबेहूब डब्यातल्या नकली कॉइल सर्रास मिळतात, आणि निम्म्या किमतीची कॉइल ही बहुधा त्यातलीच असते. काढलेली कॉइल फेकण्यापूर्वी नवी नक्की चालते याची खात्री करावी. तिन्ही बदलायच्याच असे आपण ठरवले असेल, तर निघालेल्या दोन चांगल्या कॉइल कागदात गुंडाळून दहा नंबरच्या पान्यासह डिकीत ठेवाव्यात.

सगळे जोडून झाल्यावर कोड पुसावेत. बॅटरी काढली असल्यामुळे सुरुवातीला इंजिनाचा आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता असलेला वेग) थोडा वरखाली होईल, तो काही किलोमीटरमध्ये स्थिरावतो. नंतर आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर त्याच चढावर गाडी नेऊन पाहावी. नवी कॉइल, नवे प्लग असूनही कोड त्याच सिलिंडरवर परत आला तर आणखी सुटे भाग विकत घेऊ नयेत. मग पेट्रोलचा किंवा सीएनजीचा इंजेक्टर, नाहीतर नीट न बसणारा व्हॉल्व्ह हे संशयित उरतात. सीएनजीवर बरीच धावलेल्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजलेली आढळते, त्यामुळे अशा वेळी गॅरेजमध्ये जाऊन तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्यावे आणि आकडे आपल्यासमोर लिहून मागावेत.