तिकीट काढणाऱ्याचं काय जातं?

प्रश्न : मी रोज बसने आणि पुढे मेट्रोने कामावर जातो. पास वेळच्या वेळी काढतो. पण हल्ली बघतोय, बसमध्ये मागच्या दाराने चढणारे कितीतरी जण तिकीट काढतच नाहीत. मेट्रोच्या फाटकातून एकाच्या पाठीला चिकटून दुसरा आत जातो आणि शेजारचा सुरक्षारक्षक मान फिरवतो. तपासनीस तर दृष्टीलाही पडत नाही. परवा एका तरुणाला टोकलं, तर म्हणाला, 'काका, तुमचं काय जातंय?' मला उत्तर देता आलं नाही. खरंच माझं काय जातं? मी एकट्यानेच पैसे का भरायचे? आणि दंड सरळ दहापट का करत नाहीत?

उत्तर : 'तुमचं काय जातंय?' हा प्रश्न मी आधी वाहक म्हणून आणि नंतर तिकीट तपासनीस म्हणून सारखा ऐकला आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

तुमची फेरी जाते. कुठल्या मार्गावर किती गाड्या सोडायच्या हे ठरवताना कार्यालयातला माणूस थांब्यावर येऊन गर्दी मोजत नाही, तो तिकिटांचे आकडे बघतो. गाडीत पन्नास माणसं असतील आणि तिकिटं तीसच फाटली असतील, तर कागदावर त्या गाडीत तीसच माणसं असतात. असं महिनोन् महिने चाललं की त्या मार्गाचं उत्पन्न कमी, असा शेरा पडतो आणि रात्रीची शेवटची गाडी आधी बंद होते. त्या गाडीने घरी जाणारी नर्स पास काढणारी असते, पण तिच्या शेजारी बसून फुकट जाणाऱ्यांची नोंद नसल्यामुळे गाडी तिचीही जाते. त्या तरुणाला हे सांगा. पैसे बुडतात हे सगळ्यांना कळतं. नोंद बुडते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पैशाचा आकडाही लहान नसतो. न्यूयॉर्कच्या परिवहन संस्थेने नेमलेल्या समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला. २०२२ या एका वर्षात भाडं आणि टोल बुडवल्यामुळे सुमारे ६९ कोटी डॉलर गेले, असा तिचा हिशेब होता. त्यात सगळ्यात मोठा वाटा भुयारी रेल्वेचा नव्हता, बसचा होता. फाटकावरून उडी मारणारा माणूस नजरेत भरतो, म्हणून सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते. बसमध्ये शांतपणे चढून खिडकीबाहेर बघत बसणारा कुणाला दिसत नाही.

आता दंडाविषयी. दहापट दंडाची मागणी मी बैठकांमध्ये अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी विरोध केला आहे. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये गुन्ह्याचा हिशेब मांडला, त्यात शिक्षा किती आणि पकडले जाण्याची शक्यता किती, या दोन्हींचा विचार होता. कागदावर शंभरातून एकदा पकडून हजार घेणं आणि शंभरातून दहादा पकडून शंभर घेणं सारखंच पडतं. चालत्या गाडीत ते सारखं पडत नाही. दंड मोठा असला की पकडलेल्याच्या खिशात तेवढे पैसे नसतात. तो हुज्जत घालतो, गाडी थांबते, बाकीचे प्रवासी ओरडू लागतात, 'सोडा हो त्याला, आम्हाला उशीर होतोय!' आणि तपासनीस सोडून देतो. नाहीतर पावती न फाडता थोडक्यात मिटवतो. आमच्याकडे दंड वाढला तेव्हा पावत्या वाढल्या नाहीत, भांडणं वाढली. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या खात्रीने गुन्हा थांबतो, हे इटलीच्या बेक्कारिया या विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलं आहे, आणि तिकीट तपासणीइतकं ते कुठे पटत नसेल.

कठोर कायद्याचा शेवट कुठे होतो तेही बघा. जर्मनीत भाडं बुडवणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि ते कलम १९३५ सालचं आहे. पुन्हा पुन्हा पकडला गेलेला, न्यायालयाचा दंडही भरू न शकणारा माणूस तिथे तुरुंगात जातो. बहुतेक वेळा तो बेघर नाहीतर बेकार असतो. अशा लोकांचा दंड भरून त्यांना सोडवण्यासाठी तिथे २०२१ पासून एक लोकवर्गणीचा निधी चालतो. एका माणसाला कोठडीत ठेवण्याचा खर्च त्याने बुडवलेल्या भाड्याच्या कितीतरी पट. यातून बससेवेला काय मिळालं?

मला विचाराल तर उपाय साधा आहे आणि कंटाळवाणा आहे : लहान दंड, पण तपासणी वारंवार, वेळ न ठरवता आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०१२ पासून सगळ्या बसच्या सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली. आता फुकट्यांची चंगळ होणार, असं अनेकांना वाटलं होतं. पण त्याबरोबर त्यांनी तपासनीसही वाढवले. विनातिकीट प्रवासाचं प्रमाण २००९ मध्ये ९.५ टक्के होतं, ते २०१४ मध्ये ७.९ टक्के निघालं. शिवाय थांब्यावर गाडीचा वेळ कमी जाऊ लागला. म्हणजे मागचं दार हे दुखणं नाही. मागच्या दाराने चढलेल्याला कुणीच विचारत नाही, हे दुखणं आहे.

तपासणी म्हणजे काय, हे बाहेरून नीट कळत नाही, म्हणून सांगते. आम्ही दोघे असायचो, एक पुढून आणि एक मागून चढायचा. चढल्याबरोबर काही हात खिशात जातात, ते तिकीट शोधणारे. काही माणसं दाराकडे सरकतात, ती दुसरी. पण मी आधी प्रवाशांकडे वळायचे नाही. आधी वाहकाचा तक्ता हातात घ्यायचे, या टप्प्यावर शेवटचा तिकीट क्रमांक कुठला हे बघायचे, मग डोकी मोजायचे. कारण गाडीतली सगळी चोरी प्रवाशाची नसते. अर्धे पैसे घ्यायचे आणि तिकीट द्यायचं नाही, हा वाहक आणि प्रवासी यांच्यातला जुना सौदा आहे. उतरणाऱ्याकडून वापरलेलं तिकीट मागून घ्यायचं आणि पुढच्याला तेच द्यायचं, हाही आहे. म्हणून तर बघून झालेलं तिकीट आम्ही थोडं फाडून परत करायचो. आणि जवळच्या टप्प्याचं तिकीट काढून तीन टप्पे पुढे जाणारे तर सगळ्यात जास्त. त्यांच्या हातात तिकीट असतं, त्यामुळे नुसतं 'तिकीट आहे का?' विचारणाऱ्याला ते कधीच सापडत नाहीत. विचारायचं असतं, 'कुठे उतरणार?'

बुडवणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात, हे मी अनुभवाने मानत होते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातले ग्रॅहम करी आणि अलेक्सा डेल्बॉस्क यांचा अभ्यास वाचला तेव्हा त्याला आधार मिळाला. एखाद्या वेळी चुकणारे पुष्कळ असतात. तोट्याचा मोठा भाग मात्र सतत, ठरवून बुडवणारे थोडे लोक करतात. गडबडीत राहून गेलेल्याला समज पुरते. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याला दंड लावून काही उपयोग नाही, त्याला सवलतीच्या पासचा अर्ज द्यायला हवा, आणि तो अर्ज गाडीतच, तपासनिसाच्या पिशवीत असायला हवा. पण जो रोज त्याच वेळी, त्याच गाडीत, चांगला पगार असून बुडवतो, त्याची नोंद ठेवून त्याला दर वेळी पकडलंच पाहिजे.

त्या मान फिरवणाऱ्या सुरक्षारक्षकावर राग धरू नका. बहुतेक ठिकाणी त्याला तिकीट मागण्याचा अधिकारच नसतो, तो कंत्राटी असतो, आणि हात लावला तर नोकरी जाईल असं त्याला बजावलेलं असतं. तपासनिसांना मारहाण होते, ती मी जवळून पाहिली आहे. एकटा माणूस पाठवून तपासणी करा म्हणणाऱ्यांनी एकदा रात्रीच्या गाडीत त्याच्याबरोबर उभं राहावं.

राहिला तुमचा सगळ्यात कठीण प्रश्न, मी एकट्यानेच का भरायचं. लोक भाडं भरतात ते भीतीने थोडं आणि ते भाडं रास्त वाटतं म्हणून जास्त. चिलीच्या सान्तियागोमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं. आधी शाळकरी मुलांनी फाटकं ओलांडून फुकट प्रवासाचं आंदोलन केलं, आणि त्याचा भडका एवढा उडाला की आणीबाणी लावावी लागली आणि भाडेवाढही मागे घेतली गेली. असंतोष नुसता भाड्याचा नव्हताच. दुसऱ्या बाजूला एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ पासून शहरात नोंद असलेल्यांना आणि लक्झेंबर्गने १ मार्च २०२० पासून देशभर सगळ्यांना भाडं माफ केलं. तो खर्च करातून भागतो. मला या दोन्ही व्यवस्था चालतात : सगळ्यांनी भरायचं किंवा कुणीच नाही. नियमात भाडं आहे आणि गाडीत कुणी विचारत नाही, ही तिसरी व्यवस्था मात्र मला अजिबात मान्य नाही. ती तुमच्यासारख्या माणसाकडून पैसे घेते आणि त्याच्याच नजरेत त्याला वेडा ठरवते. तपासनीस गाडीत चढतो तो चोर पकडायला, असं सगळे समजतात. मी चढायचे ती पास काढलेल्यांसाठी. 'बघा, बघतोय आम्ही', हे त्यांना कळावं म्हणून.

तरुणांना एकट्याने टोकू नका, त्यात तुम्हाला इजा व्हायची. त्याऐवजी मार्ग क्रमांक, थांबा आणि वेळ लिहून लेखी तक्रार द्या. 'सगळे फुकट जातात' अशा तक्रारीवर काही होत नाही. 'अमुक मार्गावर सकाळी नऊच्या गाडीत मागच्या दाराने चढणाऱ्यांना कुणी विचारत नाही' यावर पथक लावता येतं. प्रवासी संघटना असेल तर तिच्यामार्फत एकच मागणी लावून धरा : दर महिन्याला किती गाड्या तपासल्या, तो आकडा थांब्यावर लावा. दंड किती वसूल झाला, हा आकडा मागू नका. तो मागितला की सोप्या, घाबरट माणसांना पकडून आकडा फुगवतात.

प्रश्न : माझ्या मुलीकडे महिन्याचा पास आहे, पण तो मोबाइलमध्ये. चार्जिंग संपलं आणि तपासनीस आला. 'पावती हवी तर पूर्ण दंड, नको तर अर्धा,' असं तो म्हणाला. तिने घाबरून अर्धे पैसे दिले. आता काय करावं?

उत्तर : पावतीशिवाय दिलेले पैसे दंड नव्हेतच, ते त्या माणसाच्या खिशात गेले. पास दाखवता न येणं हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यात मुलीचा गुन्हा नाही. जर्मनीत दंड ६० युरो आहे, पण स्वतःच्या नावाचा वैध पास घरी राहिला असेल आणि तो आठवड्यात दाखवला, तर ७ युरोंवर भागतं. अशी सोय तुमच्या सेवेत आहे का, ते पासच्या अटींमध्ये बघा. अर्ज मुलीने स्वतःच्या सहीने द्यावा. त्यात पासचा क्रमांक, पैसे भरल्याचा बँकेतला दाखला, गाडीचा मार्ग, दिवस आणि वेळ लिहावी. तपासनिसाचा बिल्ला क्रमांक आठवत नसला तरी चालेल; कुठल्या गाडीवर त्या वेळी कोण होतं, याची नोंद आगारात असते. आणि यापुढे तपासनीस पावतीचा पर्याय विचारू लागला, तर तिने 'पूर्ण दंड घ्या आणि पावती द्या' एवढंच मोठ्याने म्हणावं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं.