पर्यटकाचं मत आणि त्याचा खिसा: या अभ्यासात करिअर कसं करायचं?

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परदेशी पर्यटकांच्या मनातली ठिकाणाची प्रतिमा आणि त्यांचा तिथला खर्च यांचा संबंध अभ्यासायचा आहे. घरचे म्हणतात, पर्यटनात हॉटेल आणि गाइड सोडून काही नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : घरच्यांना सांग, की पर्यटन मंडळं, सांख्यिकी विभाग, विमानतळ आणि सल्लागार संस्था यांना पर्यटकांचे आकडे गोळा करून त्यांचा अर्थ लावणारी माणसं लागतात. अर्थशास्त्राचा पाया असेल तर हा रस्ता तुझ्यासाठी मोकळा आहे.

‘ठिकाण आवडलं की खर्च वाढतो’ हे गृहीतक मात्र आधी बाजूला ठेव. प्रतिमेचे दोन भाग वेगळे मोजायचे असतात: माणसाला त्या ठिकाणाबद्दल काय माहीत आहे असं वाटतं (स्वच्छता, सुरक्षितता, दर) आणि त्याला तिथे कसं वाटतं (प्रसन्न, निवांत, अस्वस्थ). बालोग्लू आणि मॅक्लिअरी यांचा 1999 चा शोधनिबंध याच मांडणीवर उभा आहे, तो वाच. मनातला प्रत्येक समज खर्चाच्या वेगळ्या रकान्यावर परिणाम करू शकतो. रात्री बाहेर पडायची भीती वाटणारा पर्यटक बाहेरचं जेवण टाळेल, पण खासगी गाडी आणि ठरवून घेतलेली सहल यांवर जास्त पैसे मोजेल. एकूण बेरीज तीच राहील आणि तू निष्कर्ष काढशील, की प्रतिमेचा परिणामच नाही! फसवणुकीची धास्ती असेल तर भाव न लिहिलेल्या दुकानात तो पाऊल टाकणार नाही. ‘स्वस्त ठिकाण’ ही ओळख रोजचा खर्च कमी ठेवते, पण मुक्काम लांबवू शकते. म्हणून दर रात्रीचा खर्च आणि रात्रींची संख्या दोन्ही नोंदव.

सगळ्यात मोठी चूक होते ती प्रश्न विचारण्याच्या वेळेत. परत निघालेल्या माणसाला ‘ठिकाण कसं वाटलं?’ विचारलं तर उत्तरात झालेल्या खर्चाचं समाधान किंवा पश्चात्ताप मिसळलेला असतो. मग कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही. शक्य असेल तर प्रतिमा आल्या आल्या विचार, खर्च निघताना विचार, आणि दोन्ही उत्तरं एका सांकेतिक क्रमांकाने जोड. मधे बरेच जण गळतील. गळालेल्यांचा देश, वय आणि पहिली भेट की पुन्हा आलेले, हे तपासून लिहून ठेव.

मुलाखती हॉटेलात घेतल्यास 10 रात्री राहणारा माणूस 2 रात्रींवाल्यापेक्षा तुला भेटण्याची शक्यता कितीतरी जास्त. विमानतळाच्या निर्गमन कक्षात प्रत्येक जण एकदाच येतो, म्हणून तिथे हा दोष कमी.

खर्चात काय धरायचं याचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन सांख्यिकीच्या 2008 च्या शिफारशींत आहेत. भेटीसाठी घेतलेल्या वस्तू आणि दागिने धरतात. घर-जमिनीची खरेदी धरत नाहीत. पॅकेजचे पैसे मायदेशीच भरलेले असतात, त्यांची वाटणी वेगळी करावी लागते. चौघांचं बिल एकाने भरलं असेल तर ‘हा खर्च किती जणांचा?’ हा प्रश्न हवाच, नाहीतर आकडा चौपट फुगतो.

विश्लेषणासाठी आर किंवा स्टाटा यांपैकी एक सांख्यिकी सॉफ्टवेअर शीक. खर्चाची सरासरी मोजक्या उधळ्यांमुळे वर जाते. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) सोबत दे आणि खर्चाचा लॉगॅरिदम वापर. खरेदीच्या रकान्यात शून्यं पुष्कळ येतात आणि शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही. तिथे साधं समाश्रयण (रिग्रेशन) फसतं, पुष्कळ शून्यं असलेल्या आकड्यांसाठीचं टोबिट प्रतिमान (मॉडेल) बघ. पदव्युत्तर शिक्षणासाठी सांख्यिकी किंवा उपयोजित अर्थशास्त्र घे. पर्यटन व्यवस्थापनाची पदवी या कामाला पुरणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सुट्टीत 30 जणांवर चाचणी घे. प्रतिमेची 10 विधानं, 7 टप्प्यांची मोजपट्टी, खर्चाचे 6 रकाने: निवास, जेवण, स्थानिक प्रवास, खरेदी, सहली-प्रवेशशुल्क, इतर. ज्या चलनात उत्तर मिळेल त्यातच लिही, रूपांतर नंतर त्या दिवसाच्या दराने कर. ‘इतर’मध्ये एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त रक्कम साचली, तर रकाने पुन्हा पाड आणि मगच मोठं सर्वेक्षण हाती घे.